महामार्गावर पुढून हलकी पडणारी पोर्शे ९११ : दुरुस्तीचा योग्य क्रम

हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची जुनी पोर्शे ९११ शंभर-एकशेवीसच्या पुढे गेली की पुढून हलकी पडते, ही तक्रार या गाडीइतकीच जुनी आहे. स्टीअरिंग हातात सैल वाटू लागते, गाडी सरळ ठेवण्यासाठी ते सतत थोडे थोडे वळवत राहावे लागते, आणि शेजारून मोठा ट्रक गेला किंवा पुलावर आडवा वारा लागला की गाडीचे नाक बाजूला सरकते. अशा वेळी बहुतेक मालक सर्वप्रथम पुढच्या स्पॉयलरची, म्हणजे नाकाखाली शिरणारी हवा अडवणाऱ्या बंपरखालच्या पट्टीची, चौकशी करतात. माझे स्पष्ट मत असे आहे की स्पॉयलर हा या दुरुस्तीतला शेवटचा टप्पा आहे. आधी टायर, मग सांधे, मग गाडीची उंची, मग चाकांचे कोन, आणि हे सगळे जागेवर आल्यानंतरच वजन आणि हवा, असा क्रम ठेवला तर बहुसंख्य गाड्यांमध्ये स्पॉयलरपर्यंत पोहोचण्याची वेळच येत नाही. क्रम उलटा केला तर पैसे खर्च होतात आणि मूळ दोष मात्र तसाच झाकलेला राहतो.

दोषाचे मूळ गाडीच्या रचनेत आहे, हे मान्य करूनच पुढे जावे. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्यामुळे उभ्या गाडीच्या वजनाचा साधारण चाळीस-बेचाळीस टक्के भागच पुढच्या चाकांवर येतो. १९६४ साली उत्पादन सुरू झाल्यानंतर काही वर्षांतच कारखान्याने पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत बिडाची वजने बसवायला सुरुवात केली होती. १९६९ च्या मॉडेलमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ५७ मिलिमीटरने वाढवले गेले आणि एका बॅटरीऐवजी दोन बॅटऱ्या पुढच्या दोन्ही मडगार्डांच्या आत ठेवल्या गेल्या. १९७२ च्या ९११ एस मध्ये पुढच्या बंपरखाली स्पॉयलर आला. म्हणजे कारखान्यानेही वजन आणि अंतर यांचा बंदोबस्त आधी केला आणि हवेचा नंतर.

हवेचा वाटा नेमका किती, हे ढोबळ आकडेमोडीने समजून घेता येते. हवा गाडीचे नाक जितक्या जोराने उचलते तो जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. उदाहरणासाठी गाडीचे समोरचे क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर आणि पुढच्या ॲक्सलवरचा उचल-गुणांक (गाडीच्या आकारामुळे हवा ती किती उचलते हे सांगणारा आकडा) ०.१५ धरला, तर ताशी १२० किलोमीटर वेगाला पुढच्या चाकांवरून साधारण १७ किलो वजन कमी होते आणि २०० ला साधारण ४८ किलो. पुढच्या चाकांवर मुळात साडेचारशे किलोच्या आसपास भार असेल, तर पहिला आकडा चार टक्क्यांच्याही आत आहे आणि दुसरा दहा टक्क्यांच्या वर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारसाठी ताशी १०० ची मर्यादा आहे आणि समृद्धी महामार्गावर १२० ची. या वेगांत जर स्टीअरिंग घाबरवण्याइतके हलके पडत असेल, तर दोष हवेत शोधण्याआधी गाडीखाली शोधावा. जर्मनीत वेगमर्यादा नसलेल्या ऑटोबानवर गाडी चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे हवेचा हिशेब करावाच लागतो, पण तिथेही क्रम हाच राहतो.

आधी लक्षण नीट ओळखावे

पेट्रोलची टाकी अर्धी भरलेली असताना, वारा नसलेल्या सकाळी, ओळखीच्या सरळ रस्त्यावर कायद्याच्या वेगमर्यादेत गाडी न्यावी आणि चार गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्यात. सत्तर-ऐंशीच्या वेगालाच स्टीअरिंगच्या मध्यावर थोडा भाग असा असेल की तेवढे फिरवूनही गाडी दिशा बदलत नाही, तर दोष सांध्यांमध्ये किंवा टो-इनमध्ये (चाकांच्या पुढच्या कडा किंचित आत वळलेल्या ठेवण्यात) आहे. ॲक्सिलरेटर दाबताच नाक उठते आणि पाय काढताच बसते, असे होत असेल तर मागची बाजू खचली आहे किंवा मागचे शॉक ॲब्सॉर्बर थकले आहेत. रस्त्यावरच्या लाटेनंतर गाडी दोन-तीनदा डुलत असेल, तर पुढचे शॉक ॲब्सॉर्बर आधी पाहावेत. हलकेपणा वेगाबरोबर हळूहळू, एकसारखा वाढत जात असेल आणि टाकी रिकामी होत आल्यावर तो जास्त जाणवत असेल, तरच वजन आणि हवा यांच्याकडे वळावे. या गाडीची टाकी पुढे असल्यामुळे साठ लिटर पेट्रोल म्हणजे पुढच्या भागावर पंचेचाळीस किलोच्या आसपास वजन असते, हे लक्षात ठेवावे. या चाचण्यांत स्टीअरिंगवरचा हात कधीही काढू नये.

टायरबद्दल थोडक्यात सांगतो. टायरच्या भिंतीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे असतात. जुन्या गाड्या कमी चालत असल्यामुळे त्यांच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक झालेले असते, म्हणून सहा वर्षांपेक्षा जुने टायर सरळ बदलावेत. चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच प्रकारचे असावेत. हवा टायर थंड असताना आणि पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी, ज्यात पुढे कमी आणि मागे जास्त असे प्रमाण असते. पंपावरचा मुलगा चारही चाकांत सारखी हवा भरतो आणि पुढची चाके रस्त्यावरून टणटण उड्या मारू लागतात, हे फार वेळा घडते.

सांधे

गाडी जॅकवर उचलून, भक्कम स्टँडवर टेकवून मगच हात घालावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. पुढचे चाक वर आणि खाली धरून हलवावे, नंतर डावी-उजवीकडे धरून हलवावे. आडवे हलवताना ढिलाई लागली तर टाय रॉड (स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) किंवा स्टीअरिंग रॅक (स्टीअरिंग फिरवले की आडवी सरकणारी दातेरी पट्टी) संशयित. उभे हलवताना लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा गोल सांधा). या दोघांतला फरक ओळखण्यासाठी मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर ढिलाई नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा, तशीच राहिली तर बॉल जॉइंटचा किंवा स्ट्रटचा (चाकावरच्या, शॉक ॲब्सॉर्बर असलेल्या उभ्या खांबाचा).

बेअरिंग घट्ट करण्याची या गाडीची पद्धत नाजूक आहे आणि इथेच बहुतेक गॅरेजवाले घाई करतात. चाक हाताने फिरवत ठेवून नट आवळावा, म्हणजे बेअरिंगचे रोलर जागेवर बसतात. मग नट किंचित सैल करत जावा आणि प्रत्येक वेळी नटाखालचा वॉशर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने बाजूला सरकवून पाहावा. स्क्रूड्रायव्हर कशावरही टेकवून तरफेसारखा न वापरता, केवळ बोटाच्या हलक्या दाबाने वॉशर जेमतेम सरकला की नट योग्य जागी आला. त्यानंतर नटावरचा लहान ॲलन स्क्रू आवळावा आणि वॉशर पुन्हा एकदा सरकवून पाहावा, कारण स्क्रू आवळताना नट कधीकधी जागा सोडतो.

टाय रॉडचे आतले सांधे जुन्या गाड्यांत रबराचे असतात. ते सुस्त झाले असतील तर ९३० टर्बोच्या (९११ च्याच टर्बो आवृत्तीच्या) टाय रॉडचा संच बसवावा. स्टीअरिंगच्या मध्यावरचा मऊपणा घालवण्यासाठी इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक बदल माझ्या माहितीत दुसरा नाही. पुढच्या कंट्रोल आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या भुजेचे) रबर बुश एका बाजूला दबलेले असतील तर तेही बदलावेत, नाहीतर पुढे केलेले अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळवणी, टिकत नाही.

उंची आणि कल

माझ्या मते खरी दुरुस्ती इथे होते. १९७४ नंतर अमेरिकेत गेलेल्या गाड्या तिथल्या बंपरच्या नियमांमुळे युरोपातल्या गाड्यांपेक्षा उंच ठेवल्या जात. अशा गाडीचा मागचा भाग वर्षानुवर्षांच्या भाराने खाली बसतो, पुढचा तसाच उंच राहतो आणि गाडी नाक वर करून चालू लागते. नाक वर असले की गाडीखाली जास्त हवा शिरते, ती नाक आणखी उचलते आणि उचललेल्या नाकाखाली अजून हवा शिरते. शिवाय मागची बाजू खचलेली असल्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच ती आणखी बसते.

मोजमाप सपाट फरशीवरच करावे. चालकाच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या सीटवर ठेवाव्यात, टाकी अर्धी भरलेली असावी, आणि गाडी काही मीटर पुढे-मागे ढकलून, दोन्ही टोकांना दाबून सोडून मगच पट्टी लावावी. जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी खोटी उंच दिसते. दाराखालच्या पट्टीची जमिनीपासूनची उंची पुढच्या आणि मागच्या टोकाला मोजली की कल कळतो. नाक मागच्यापेक्षा थोडे खाली, साधारण अर्धा ते एक अंश, असावे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या सव्वादोन मीटरभर अंतरात एक अंश म्हणजे जवळजवळ ४० मिलिमीटरचा फरक होतो.

पुढची उंची टॉर्शन बारच्या (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्याच्या) टोकाशी असलेल्या समायोजन स्क्रूने बदलता येते आणि ते काम सोपे आहे. मागचे काम कष्टाचे आहे. मागच्या टॉर्शन बारच्या आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४ दाते असतात. आतले टोक एक दाता फिरवले की ९ अंशांचा फरक पडतो आणि बाहेरचे टोक उलट दिशेने एक दाता फिरवले की सुमारे ८ अंश ११ मिनिटांचा. दोन्ही एकत्र केले की केवळ पाऊण अंशाच्या थोडा वर फरक उरतो. या युक्तीमुळे उंची हवी तेवढ्या बारीक टप्प्यांत बसवता येते, पण त्यासाठी बार बाहेर काढावा लागतो आणि काढण्याआधी दोन्ही टोकांवर खूण करावी लागते. नंतरच्या गाड्यांत समायोज्य स्प्रिंग प्लेट (टॉर्शन बारला मागच्या चाकाशी जोडणारी पट्टी) असल्याने शेवटचा थोडा फरक बार न काढताही जुळवता येतो.

नाक खाली आणणे उपयोगी आहे म्हणून ते वाटेल तितके खाली आणू नये. पुढची बाजू फार खाली गेली की टाय रॉडचा कोन बिघडतो आणि चाक खड्ड्यातून वर-खाली होताना आपोआप वळू लागते. मग गाडी हलकी नाही पण भिरभिरी होते. उंची खूप कमी करायची असेल तर रॅकखाली स्पेसर घालून रॅक वर उचलणे आवश्यक आहे.

चाकांचे कोन

उंची ठरल्यानंतरच अलाइनमेंट करावे, कारण उंची बदलली की सगळे कोन बदलतात. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन, सहा अंशांच्या जवळ आणि दोन्ही बाजूंना सारखा हवा. स्टीअरिंगला स्वतःहून मध्यावर परत येण्याची ताकद मुख्यतः तोच देतो आणि तो कमी असलेल्या गाडीचे स्टीअरिंग वेगात रिकामे वाटते. पुढे किंचित टो-इन ठेवावा. मागच्या चाकांचा टो मोजल्याशिवाय अलाइनमेंटचे पैसे देऊ नयेत. मागचे एक चाक जरी बाहेरच्या बाजूला उघडलेले असले, तरी गाडी मागून वळते आणि चालकाला मात्र पुढचा भाग हलका झाल्यासारखा वाटतो. या एका कारणासाठी अनेक गाड्यांना निष्कारण स्पॉयलर लागले आहेत.

वजन आणि हवा

इतके करूनही वेगाबरोबर वाढणारा हलकेपणा उरला, तर आधी गाडीच्या पुढच्या भागातून काय काय काढले गेले आहे ते पाहावे. मोठ्या स्टेपनीऐवजी लहान स्टेपनी, जड बॅटरीच्या जागी हलकी बॅटरी किंवा ती मागे हलवलेली, असे बदल शर्यतीच्या हौसेने केलेले असतात. ते मूळ स्थितीत आणावेत. वेगळे वजन घालायचे झाल्यास ते ॲक्सलच्या जितके पुढे आणि जितके खाली बसवता येईल तितके बसवावे आणि बोल्टने जखडावे. पुढच्या डिकीत मोकळी ठेवलेली वाळूची पोती अपघातात जीवघेणी ठरतात.

स्पॉयलरचा नियम एकच आहे, पुढचा आणि मागचा यांची जोडी तोडू नये. १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ वरची बदकाच्या शेपटीसारखी मागची पट्टी हर्मान बुर्स्ट आणि टिलमान ब्रोडबेक या अभियंत्यांच्या कामातून आली आणि ती पुढच्या स्पॉयलरबरोबर वापरली गेली. मागची पट्टी मागच्या ॲक्सलच्या मागे दाब देते, त्यामुळे तराजूचे एक पारडे दाबल्यावर दुसरे वर जावे तसा पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो. केवळ दिसायला आवडते म्हणून मागे शेपटी लावलेली आणि पुढे काहीच नसलेली गाडी हीच सर्वात जास्त हलकी पडते. उलट फक्त पुढे स्पॉयलर लावला तर वेगात मागची बाजू सैल होते, आणि या गाडीत ते अधिक धोक्याचे आहे. फायबरचा स्पॉयलर हाताने दाबून पाहावा. मध्यभागी सहज वाकत असेल तर वेगात तो मागे दुमडतो आणि उपयोगाचा राहत नाही, म्हणून मागून आधारपट्टी द्यावी.

प्रत्येक बदल स्वतंत्रपणे करावा आणि त्याच रस्त्यावर, तितक्याच पेट्रोलवर, तितक्याच हवेच्या दाबावर पुन्हा गाडी चालवून वहीत नोंद ठेवावी. हवेचा परिणाम डोळ्यांनी पाहायचा असेल तर बाहेर एक लहान कॅमेरा घट्ट बसवून पुढच्या टायर आणि मडगार्डमधली फट चित्रित करावी. ऐंशीच्या आणि एकशेवीसच्या वेगाला ती किती मिलिमीटरने वाढते ते चित्रातून मोजता येते. सांधे, टॉर्शन बार आणि स्पॉयलर यांचे सगळे बोल्ट पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, आणि नवे बार किंवा बुश बसवले असतील तर गाडी थोडी खाली बसल्यानंतर उंची आणि अलाइनमेंट दोन्ही पुन्हा मोजून घ्यावीत.