रोप शेवटी, आधी मे महिना

मासदेवालिया आणि ड्रॅक्युला ही अँडीजच्या ढगात वाढणारी ऑर्किडं. कोलंबिया-इक्वेडोरकडे १५०० ते ३००० मीटरवर झाडांच्या शेवाळात राहतात. आपलं कोल्हापूर जेमतेम साडेपाचशे मीटरवर. दुपारचं ऊन शेडनेटनं अडेल, पण मे महिन्यातल्या उकाड्याच्या रात्रीचं काय? यांना रात्री १२ ते १५ अंश लागतात, दिवसा २५ च्या आत. म्हणून रोपाची ऑर्डर थांबवा आणि आधी किमान-कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर आणा.

एसी असलेल्या खोलीत माशांची जुनी काचेची टाकी ठेवा. नुसता एसी हवा कोरडी करतो. टाकीवर काच अर्धवट सरकवली की आतला ओलावा ७०-८० टक्क्यांवर टिकतो. आत कॉम्प्युटरचा छोटा पंखा चोवीस तास फिरता हवा, नाहीतर कोंदट हवेत पानं कुजतात. वर साधी एलईडी ट्यूब, बारा तास.

पाण्यात कंजूषी नको. मासदेवालियाला पाणी साठवणारा कंद नसतो, त्यामुळे कुंडीतलं मॉस (वाळवलेलं शेवाळ) पिळलेल्या फडक्याइतकं कायम ओलं लागतं. बोअरचं पाणी मात्र अजिबात नको, क्षारांनी मुळं काळी पडतात. आरओचं चालेल, पण जुलैत गच्चीवरचं पाणी फुकट मिळत असताना ते कशाला? पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्या, मग पिंप भरा आणि तोंडाला फडकं बांधा, डासांसाठी.

कुंडी मासदेवालियाला छोटी प्लास्टिकची. ड्रॅक्युलाला जाळीची टोपलीच घ्या, टांगून. त्याचा फुलाचा दांडा खाली वळतो. बंद कुंडीत कळी तळाशीच गुदमरते.

आता खरी परीक्षा. एप्रिल-मे रिकामी टाकी चालवा, रोज सकाळी रात्रीच्या किमान तापमानाचा आकडा लिहा. लाईट गेल्यावर काय होतं तेही बघा. मी बघितलं नव्हतं. गावाला गेलो, रात्रभर लाईट नव्हती, परतलो तर देठापासून पानं गळलेली. तेव्हापासून फ्रीजरमध्ये पाण्याच्या चार बाटल्या गोठवलेल्या असतात आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली.

रात्रीचे आकडे १८ च्या वरच राहिले तर हट्ट सोडा आणि सीतेची वेणी हे आपल्याकडचं ऑर्किड लावा, ती इथल्या हवेत खूश असते. जमलं, तर जूनमध्ये रोप मागवा. ऑर्किडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साईट्स (CITES) या आंतरराष्ट्रीय कराराचे नियम आहेत, तेव्हा परदेशी रोपाचे कागद नर्सरीवाल्याकडे आधी मागा.