लकव्यानंतर थेरपी सुरू करताना आवरून ठेवायच्या गोष्टी

डिस्चार्ज मिळाला की घरचे एकच शब्द धरून बसतात, फिजिओ. नागपुरात धंतोलीतल्या कुठल्याही दवाखान्याबाहेर विचारा, तेच ऐकू येईल. खरं तर लकवा झालेल्या माणसाला तीन-चार वेगवेगळे थेरपिस्ट लागू शकतात, आणि प्रत्येकाकडे जायची तयारी वेगळी असते.

फाईल मात्र सगळ्यांसाठी एकच ठेवा. डिस्चार्ज कार्ड, सीटी-एमआरआयचे रिपोर्ट, सध्या चालू असलेल्या गोळ्यांची यादी आणि रोजच्या बीपी-शुगरची नोंद त्यात असू द्या. चष्मा, कवळी, कानाचं मशीन घरी विसरू नका. नीट ऐकू येत नसलेला माणूस सूचना पाळत नाही, आणि मग त्याला काही समजतच नाही असा शेरा पडतो.

फिजिओथेरपिस्टचं काम म्हणजे ताकद, तोल, बसणं-उठणं, चालणं. लुंगी नको, सैल पायजमा घाला. चप्पल नको, टाच धरून ठेवणारे बूट किंवा मागे पट्टा असलेले सँडल घाला. डायबेटीस असेल तर उपाशीपोटी नेऊ नका. आणि लकवा मारलेला हात धरून माणसाला कधीच ओढून उठवू नका. खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा निसटतो आणि पुढे त्या दुखण्यापायी व्यायामच बंद पडतो. कमरेला आधार द्यायची पद्धत पहिल्याच दिवशी शिकून घ्या. पाऊल खाली लोंबत असेल तर पायाचा स्प्लिंट (पाऊल सरळ धरून ठेवणारा आधार) बनवणाऱ्याकडे पाठवतील. तो बुटाच्या आत बसतो, म्हणून नवे बूट त्याआधी घेऊ नका.

ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्याला, लोक सर्रास वगळतात. ज्या शहरात मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, या विषयाचं कॉलेज आहे, त्या शहरात हे व्हावं याचं नवल वाटतं. हात वर उचलता येणं वेगळं आणि त्याच हाताने सदऱ्याची बटणं लावता येणं वेगळं. इथे तयारी घरात करायची. बाथरूमच्या दाराची रुंदी, पलंगाची उंची, उंबरठा, संडासाची बैठक हे सगळं टेपने मोजा आणि मोबाईलवर फोटो काढा. पेशंट आधी काय काय करायचा तेही लिहून न्या. दाढी स्वतः करायचा का, पूजा करायचा का, दुकानात हिशेब लिहायचा का? एका हाताने पोळी तोडताना ताट सरकतं, तर खाली ओलं फडकं घाला, असल्या बारीकसारीक युक्त्या तिथेच मिळतात.

स्पीच थेरपिस्ट फक्त बोलण्यासाठी असतो हा गैरसमज आहे. गिळण्याची तपासणीही तोच करतो. पाणी पिताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज ओलसर, घशात पाणी अडकल्यासारखा येतो का, ते दोन-तीन दिवस बघून ठेवा. पातळ पाणी गिळायलाच बहुधा अवघड जातं. तर्री-पोह्यांसारखा रस्सा आणि घट्ट घास एकत्र असलेला पदार्थ तर आणखी त्रासाचा, म्हणून तपासणी होईपर्यंत लाड म्हणूनसुद्धा देऊ नका. घरात वऱ्हाडी, बाजारात हिंदी असं बोलणं असेल तर तेही सांगा, कारण सराव कुठल्या भाषेत घ्यायचा हे त्यावरून ठरतं. नातवंडांचे फोटो सोबत ठेवा, नावं आठवण्याच्या सरावाला उपयोगी पडतात.

पेशंट विनाकारण रडत किंवा हसत असेल, जेवायलाही उठत नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मेंदूच्या इजेनेही असं होतं. त्याला "हिंमत ठेवा, बाबूजी" म्हणणं पुरत नाही, औषध किंवा मानसोपचार लागू शकतो.

थेरपिस्ट घरी बोलावणार असाल तर नोंदणी विचारायला लाजू नका. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची राज्यात परिषद आहे, स्पीच थेरपिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. मालिश करून देणारा म्हणजे फिजिओ नव्हे.

उन्हाळ्यात वेळ सकाळची मागा. पारा ४५ ला टेकल्यावर दुपारी बाराला ऑटोतून आणलेला पेशंट व्यायाम करायच्या अवस्थेतच राहत नाही. आणि रोज सोबत येणारा माणूस शक्यतो एकच ठेवा, घरी तो व्यायाम त्यालाच करून घ्यायचा असतो.