'नाव जुळत नाही' म्हणून अर्ज परत येत होता
जर्मनीतल्या उन्हाळी इंटर्नशिपच्या शिष्यवृत्तीचा माझा अर्ज दोनदा परत आला. मार्कलिस्टवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. फोंड्यात नोटरीकडे अ‍ॅफिडेव्हिट केलं, फुकट गेलं. चतुर्थीची सुट्टी त्यातच संपली.

जमलं ते असं. आधी पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला बघितलं: आयएनडी या अक्षरांनंतर आडनाव, मग << ही खूण, मग बाकीचं नाव. अर्जात हुबेहूब तेच भरलं. मग जर्मनीतल्या यजमान प्राध्यापकांकडून निमंत्रणपत्र त्याच नावाने नव्याने मागवलं (डाड या जर्मन शैक्षणिक संस्थेच्या वाइज या इंटर्नशिप शिष्यवृत्तीलाही यजमानाचं पत्र लागतंच). नंतर 'दोन्ही नावं एकाच विद्यार्थ्याची' असं कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीशिक्क्यासह घेतलं आणि मार्कलिस्टच्या पीडीएफमध्येच जोडलं, वेगळं नाही. तिसऱ्या खेपेस अर्ज स्वीकारला.

नाव नक्की करायच्या आधी निमंत्रणपत्र मागवू नका. मी मागवलं होतं. प्राध्यापकांना दोनदा तसदी दिली.