माणूस गेल्यावरची पहिली दिवाळी कशी करावी

आमचे हे रेल्वेत गार्ड होते. 2022 पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण हे त्याआधीच निवृत्त झाले, त्यामुळे आमच्या घरात शब्द गार्डच राहिला. गेल्या वर्षी श्रावणात हे गेले. दिवाळी अडीच महिन्यांवर होती. यंदा ज्यांच्या घरी अशी पहिली दिवाळी येते आहे, त्यांच्यासाठी मला जे उपयोगी पडलं ते लिहिते.

वसुबारसेच्या आधी आठ दिवस घरातल्या सगळ्यांना बसवा आणि काय करायचं, काय नाही, ते ठरवून टाका. आयत्या वेळी प्रत्येकजण दुसऱ्याचं तोंड बघत बसतो आणि सगळा दिवस जड होतो. मी, मुलगा आणि सून वहीचं पान घेऊन बसलो. नवे कपडे, फटाके, अंगणातली मोठी रांगोळी यावर फुली मारली. आंघोळ, कंदील आणि चकली ठेवली. एवढंच.

"वर्षभर सण करायचा नसतो" असं चार जणी तरी सांगून जातील. सुतक दहा दिवसांचं, तेराव्याला गोड होतं. पुढे वर्ष पाळणं हा घराघराचा रिवाज आहे. तुमच्या मनाला त्याचा आधार वाटत असेल तर जरूर पाळा. लोक नावं ठेवतील म्हणून मात्र अंधारात बसू नका. आकाशकंदिलावरून आमच्याकडेही कुजबुज झाली. तेव्हा गल्लीतल्या गुरुजींनीच सांगितलं की दिवाळीच्या अमावास्येला शास्त्रात उल्कादान आहे. महालयात आलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून पेटत्या चुडी धरून उजेड दाखवायचा. ते ऐकल्यावर मी मुलाला म्हटलं, मग आपल्या दारात तर कंदील हवाच. ह्यांनी बांबूच्या कामट्यांचा केलेला सांगाडा माळ्यावर होता, त्यालाच नवा कागद लावला.

धनत्रयोदशीचा यमदीप मला लावता आला नाही. कणकेचा दिवा, तोंड दक्षिणेला, अपमृत्यू टळावा म्हणून. तो मी इतकी वर्षं न चुकता लावत आले होते. मला राग आला होता आणि तो राग मी दाबला नाही. सुनेला म्हटलं, यंदा तू लाव. जे हातून होत नाही ते दुसऱ्याच्या हाती द्या. सगळं स्वतः पार पाडलं म्हणजे दुःख शोभून दिसतं, असं काही नसतं.

नरकचतुर्दशीची पहाट सगळ्यात अवघड, कारण तिथे हात रिकामे पडतात. पाटावर बसलेल्या ह्यांच्या पाठीला तेल लावणं हे माझं काम. साडेचारला जाग आली आणि हातांना काय सांगावं कळेना. शेवटी एकतीस वर्षांच्या मुलाला उठवून पाटावर बसवलं. त्यानं लहानपणी घालायचा तसा दंगा घातला नाही, गप्प बसून राहिला. मी तेल लावलं, उटणं लावलं. त्याची पाठ थेट ह्यांच्यासारखी आहे. दोघंही रडलो आणि मग त्यानं कारीट फोडलं. घरात कुणी असेल तर त्याच्या अंगाला हात लावायचं निमित्त या दिवशी सोडू नका.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हळदीकुंकवाची ताटं फिरतात. आधीच ठरवा की कुठे जायचं. मी एकाच घरी गेले, जिथली बाई मला वगळणार नाही याची खात्री होती. आमच्यापासून फार लांब नाही ते शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. तिथल्या ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. मी कुंकू लावते. कुणी विचारलं तर हेरवाडचं नाव सांगते.

आता पाडवा. नवऱ्याला ओवाळायचा दिवस. रेल्वेवाल्याच्या घरी सण तिथीला होईलच असं नसतं, ड्यूटी नसेल तेव्हा तो करायचा. कित्येक पाडवे मी दोन दिवस उशिरा ओवाळलेत. म्हणून आधी मनाशी म्हटलं, समजू या हे ड्यूटीवर आहेत. असं करू नका. दुपारपर्यंत निभतं, पण रात्री गाडीची शिटी ऐकू आली की कान दाराकडे लागतात. ते पहिल्यापेक्षा वाईट.

मग आठवलं की त्या उशिरा होणाऱ्या पाडव्यांना मी ह्यांच्या लाइन बॉक्समध्ये, म्हणजे ड्यूटीवर न्यायच्या पेटीत, डबा ठेवायचे, आणि तो ह्यांच्या वाट्याला कधीच पुरा आला नाही. रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या लोकांच्या विश्रांतीच्या खोलीत, सगळ्यांत वाटला जायचा. तेव्हा उठले. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, धणे-जिरे, हे आमचं भाजणीचं माप; त्याच्या चकल्या आदल्या दिवशी केल्या होत्या, खाणारं कुणी नव्हतं. डबा भरून मुलाबरोबर स्टेशनवर गेले. त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्यांना वाटल्या. एका तरुण गार्डनं विचारलं, "काकू, कुणाच्या घरच्या?" मी ह्यांचं नाव सांगितलं. दोघांनी ओळखलं. एकानं ह्यांनी घाटात धुक्यात गाडी थांबवल्याची गोष्ट सांगितली, जी मला चाळीस वर्षांत ह्यांनी कधी सांगितली नव्हती.

तुमच्या माणसाची सणातली अशी एक गोष्ट शोधा, जी ते दुसऱ्यांसाठी करायचे. कुणी अंक विकत आणून गल्लीत फिरवत असेल, कुणी किल्ल्यासाठी पोरांना माती आणून देत असेल. तेवढी एक गोष्ट तुम्ही करा. बाकी राहिलं तरी चालेल.

शेजाऱ्यांसाठीही दोन शब्द. दुखवट्याच्या घरी फराळ नेता, ते फार बरं करता. पण अकरा डब्यांत अकरा जणींच्या करंज्या आल्या आणि साधं वरण-भात कुणी आणलं नाही. भाऊबीजेपर्यंत गोडाचा वास नकोसा होतो. रिकामा डबा परत द्यायचा नसतो म्हणून मी प्रत्येकीच्या डब्यात चिमूटभर साखर घातली, पण त्या काळात डबे मागायलाही येऊ नका. आणि बसायला आलात तर गेलेल्या माणसाचं नाव घ्या. सगळे ते टाळतात.

यंदा यमदीप मीच लावणार आहे, तसं सुनेला सांगितलंय. भाजणीसाठी आठ वाट्या तांदूळ धुऊन पंचावर सावलीत वाळत घातलेत.