फिजी टाइम्स एक्सप्रेसची तिकिटं जमवायचीत? आधी कडा बघायला शिका

पॅसिफिक बेटांवरच्या जुन्या खाजगी टपालाची सुरुवात कुठून करू असं कुणी विचारलं की मी लेवुका सांगतो. फिजीतल्या ओव्हालाऊ बेटावरचं हे बंदर, १८७० साली तिथे सरकारी टपाल असं नव्हतंच, मग फिजी टाइम्स पेपर काढणाऱ्या ग्रिफिथ्स यांनी १ नोव्हेंबर १८७० ला ‘फिजी टाइम्स एक्सप्रेस’ ही स्वतःचीच टपाल सेवा सुरू केली आणि तिकिटंही आपल्याच छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून छापली. १, ३, ६ पेनी आणि १ शिलिंग, नंतर ९ पेनीचं आलं. १८७१ संपता संपता फिजीचा राजा थाकोम्बाऊ याच्या सरकारची तिकिटं निघाली, म्हणजे सगळा खेळ जेमतेम वर्षभराचा, म्हणूनच अस्सल माल इतका कमी आहे.

आता ओळखायचं कसं. पहिला कागद बघा, पातळ गुलाबी आणि त्यावर बारीक चौकटी, अगदी आपल्या गणिताच्या वहीसारख्या, दिव्यासमोर धरलं की नीट दिसतात. १८७१ च्या छपाईत चौकटी जाऊन रेघांचा कागद आला. दुसरी गोष्ट म्हणजे कडा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. तिकिटं सुटी करण्यासाठीच्या चिरा छापतानाच पाडल्या जायच्या, त्यामुळे कडेला सुईची भोकं नसतात. दहापट भिंग घ्या आणि चारही कडा सावकाश फिरून बघा, घाई अजिबात नको.

हे मी एवढं का सांगतोय, तर १८७६ आणि १८८८ मध्ये संग्राहकांची मागणी बघून पेपरवाल्यांनीच याच्या नकला छापल्या, आणि त्यांच्या कडेला टोचलेली भोकं. मी पहिलं ६ पेनी घेतलं ते १८७० चं म्हणून, घरी येऊन भिंगाखाली धरलं तर ओळीने भोकं, खूप वाईट वाटलं होतं. पण ते मी अजून जपलंय कारण शेजारी ठेवून तुलना करायला त्याच्यासारखं काही नाही, आणि खरं सांगतो तुम्हीसुद्धा आधी नक्कल नक्कल म्हणूनच स्वस्तात घ्या आणि हात बसू द्या.

अस्सल घ्यायची वेळ आली की रॉयल फिलाटेलिक सोसायटी लंडनसारख्या ठिकाणचं, म्हणजे तिकीट संग्राहकांच्या संस्थेचं, अस्सलपणाचं सर्टिफिकेट मागा, विकणारा कितीही ओळखीचा असला तरी. पेनाने रद्द केलेलं तिकीट चुकूनही पाण्यात घालू नका, शाई पसरते. अख्खं पाकीट मिळालं तर तिकीट कधीच सोडवू नका, कारण परदेशी जाणाऱ्या पत्राला पुढच्या प्रवासासाठी न्यू साउथ वेल्सचं वगैरे तिकीट वेगळं लागायचं आणि ती दोन्ही एकाच पाकिटावर शेजारी शेजारी असणं हाच तर सगळा इतिहास आहे.

बजेट कमी असेल तर सामोआ बेटांवरच्या अशाच खाजगी टपालाचं, १८७७ पासूनचं सामोआ एक्सप्रेस बघा, सुटी तिकिटं पुष्कळ मिळतात, पण तिथेही रीप्रिंट, म्हणजे नंतर पुन्हा छापलेली तिकिटं, भरपूर आहेत तेव्हा तीच सावधगिरी. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात अल्बम आडवा रचून ठेवू नका, उभा ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, दीडशे वर्षांचा पातळ कागद आहे तो, एका दमट जुलैत त्यावर तपकिरी ठिपके उठू शकतात.