सोळाव्या शतकातला जेरोम विकत घेताना

संत जेरोम आणि संत ऑगस्टिन या चौथ्या-पाचव्या शतकातल्या लॅटिन ख्रिस्ती लेखकांच्या हस्तलिखितांची स्वप्नं आपण पाहू नयेत. पण त्यांच्या लेखनाच्या जुन्या छापील आवृत्त्यांचे सुटे खंड युरोपातल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे आजही मिळतात. मी वसईची, इतिहासाची निवृत्त शिक्षिका. बावीस वर्षांत अकरा खंड जमवले. संच एकही पूर्ण नाही, आणि तो पूर्ण करायची घाई तुम्हीही करू नका.

सुरुवात ऑगस्टिनपासून करा. पॅरिसच्या बेनेडिक्टाइन मठवासीयांनी हस्तलिखितं ताडून त्याचं समग्र लेखन १६७९ ते १७०० या काळात ११ खंडांत छापलं. तोच पाठ पुढे १८ व्या शतकात व्हेनिसमध्ये पुन्हा छापला गेला. पहिली खरेदी व्हेनिसच्या खंडाची केलेली बरी. वाचायला ती आवृत्तीही तितकीच चांगली. मीन्य या फ्रेंच धर्मगुरू-प्रकाशकाच्या १९ व्या शतकातल्या मोठ्या मालिकेतला खंड घेणार असाल, तर शीर्षकपानावरचं साल आधी बघा. १८६८ मध्ये त्याचा छापखाना जळला. नंतरची पुनर्मुद्रणं कमअस्सल आहेत आणि काही खंडांत रकान्यांचे क्रमांकही बदललेले आहेत, त्यामुळे संदर्भ जुळत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैसे देण्याआधी पानं मोजा, पण पृष्ठक्रमांकांवर विसंबू नका. सोळाव्या शतकात ते सर्रास चुकत. पानाच्या तळाशी ए, ए२, ए३ अशा खुणा असतात, त्या धरून एकेक जुडी, म्हणजे घडी घालून एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, तपासा. जुडीतल्या पहिल्या तीन-चार पानांवरच खूण असते, पुढच्यांवर नसते. ते बरोबर आहे. लॅटिन वर्णमाला २३ अक्षरांची. तीत जे नाही, डब्ल्यू नाही, यू आणि व्ही एकच. व्हीनंतर थेट एक्स आला म्हणून पानं गहाळ आहेत असं समजू नका. उलट माझं झालं. एका विक्रेत्याने ‘संपूर्ण’ म्हणून पाठवलेल्या खंडात मधली दोन पानं नव्हती. क्रमांक सलग दिसले म्हणून मी समाधान मानलं होतं, आणि चूक कळेपर्यंत परतीची मुदत उलटून गेली. तेव्हापासून म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयाने स्कॅन केलेली प्रत समोर उघडून पान अन् पान ताडून बघते.

शीर्षकपानावर बोट फिरवा. छपाईच्या खिळ्यांचा दाब मागच्या बाजूला जाणवला पाहिजे. उजेडासमोर धरलं की चिंध्यांच्या कागदात समांतर रेघा दिसतात. दाब नाही, रेघाही नाहीत, तर ते पान नंतर बसवलेलं आहे.

माझ्याकडचा सगळ्यात लाडका खंड स्वित्झर्लंडमधल्या बाजलचा मुद्रक फ्रोबेन याने छापलेल्या जेरोमचा. शीर्षकपानावर त्याच्या छापखान्याची मुद्रा आहे: काठीला विळखा घातलेले दोन साप, वर कबुतर. त्याच्या वरच्या ओळीत मात्र काळा पट्टा. तिथे संपादकाचं, इरॅस्मस या डच विद्वानाचं, नाव होतं. कॅथलिक चर्चच्या १५५९ च्या निषिद्ध ग्रंथसूचीत त्याचं सगळं लेखन आल्यावर कुण्या मठातल्या माणसाने ते शाईने खोडलं. शाईने कागद खाल्लाय; पान तिरकं धरलं की नावाची पहिली दोन अक्षरं अजून उमटतात. असे खंड ‘खराब’ म्हणून स्वस्तात मिळतात. अवश्य घ्या, आणि ती शाई कुणालाही धुऊ देऊ नका. ज्याने खोडलं त्याने पुस्तक जाळलं नाही, ठेवलं. पुढची पानं समासातल्या त्याच्याच टिपणांनी भरली आहेत. ग्रंथालयाचा शिक्का दिसला, तर मात्र पुस्तक तिथल्या संग्रहातून रीतसर काढून टाकल्याची खूण विचारा; खूण नसेल तर ग्रंथालयाला लिहून खात्री करा.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. चर्मपत्राची बांधणी दमट हवेत फुगते, पुठ्ठे वाकतात. जून ते सप्टेंबर मी खंड भिंतीपासून चार बोटं दूर, लोखंडी कपाटात आडवे ठेवते. शेजारी सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रतामापक. काटा ६० टक्क्यांच्या वर गेला की पुड्या बदलते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीच लावू नका. जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, एवढंच लागतं.