नवं बांधलेलं इंजिन आणि न विझणारा ऑइलचा दिवा

इंजिन बांधून गाडीत चढवलं, सेल्फ मारला, इंजिन चालू झालं आणि ऑइलचा लाल दिवा विझलाच नाही, तर आधी इंजिन बंद करा. रेस देऊन बघू नका. पाच-दहा सेकंदांत दिवा विझायला हवा. त्यापुढे चालवलेलं इंजिन नव्या बेअरिंगच्या जिवावर उठतं.

दिवा खरं सांगतोय का, हे तपासायला पाना-पक्कड पुरते. ऑइल प्रेशरचा एका वायरचा साधा स्विच असेल तर त्याची वायर काढून मोकळी धरा आणि इग्निशन ऑन करा. तरीही दिवा पेटला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे. इंजिन चढवताना ती ब्रॅकेटखाली चेपली जाते. याच्या उलटही होतं. स्विचच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली की अर्थिंग तुटतं आणि प्रेशर शून्य असूनही दिवा पेटत नाही. हे जास्त घातक. म्हणून सेल्फ मारण्याआधी इग्निशनवर दिवा पेटतो ना, ते बघायचंच.

हा स्विच साधारण ०.३ ते ०.५ किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) उघडतो. म्हणजे दिवा विझला याचा अर्थ प्रेशर पुरेसं आहे, असा होत नाही. स्विच काढून त्या जागी काट्याचा ० ते १० किलोचा गेज लावा. आटे नीट जुळवून अडॅप्टर घ्या. टेपर आणि सरळ आटे हाताला सारखेच लागतात, आणि जोर केला की ब्लॉकचे आटे जातात.

ढोबळ हिशेब असा: तापलेल्या इंजिनावर दर हजार आरपीएममागे ०.७ किलो. शेवटचा शब्द मात्र त्या इंजिनाच्या मॅन्युअलचा. दिवा विझत असेल तरच गाडी वीस-तीस मिनिटं चालवून, ऑइल पुरतं तापल्यावरच आकडा लिहून घ्या. नागपुरात डिसेंबरच्या सकाळी गार इंजिनावर घेतलेली टेस्ट काहीच सिद्ध करत नाही. मे महिन्यात पारा ४५ वर असताना वाडीच्या ट्रान्सपोर्टच्या रांगेत तीच गाडी आयडलला उभी राहते, तेव्हा पातळ झालेलं ऑइल खरा हिशेब दाखवतं.

पंप फक्त ऑइल ढकलतो. बेअरिंगच्या बारीक फटींतून बाहेर पडताना त्याला जो अडथळा होतो, त्यातून प्रेशर उभं राहतं. त्यामुळे शोध दोनच गोष्टींचा: पंपापर्यंत ऑइल येत नाहीये, की वाटेत कुठेतरी पळतंय?

गेजचा काटा बरंच सांगतो. सुरुवातीपासून शून्य असेल तर पंप कोरडा बसवलाय, त्याला फिरवणारी ड्राइव्ह बसलेली नाही किंवा गॅलरीचा (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेचा) प्लग राहिलाय. गार असताना छान आणि तापल्यावर आयडलला पडत असेल तर फटी जास्त आहेत. रेस दिली तरी काटा कमी आकड्यावरच अडत असेल तर जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ वॉल्व्ह उघडा अडकलाय. बोअरिंगचा एक बारीक कीस त्याला पुरतो. त्याचा प्लंजर धुतल्यावर स्वतःच्या वजनानं घसरायला हवा. काटा थरथरत असेल तर पंप हवा ओढतोय.

चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उघडण्याआधी डिपस्टिक बघा. पहिल्या स्टार्टनंतर फिल्टर आणि गॅलऱ्या भरतात, पातळी उतरते. फिल्टर त्याच इंजिनाचा आहे का, जुना रबर रिंग ब्लॉकलाच चिकटून दोन रिंगा तर झाल्या नाहीत ना, तेही बघून घ्या. ऑइलला डिझेलचा वास आणि पातळी वाढलेली असेल तर आधी इंजेक्टर आणि डिझेलचा पंप तपासा.

कोरडा पंप भरण्यासाठी पेट्रोलियम जेली चालते, ग्रीस नको. डिझेलला इंधन बंद करून, पेट्रोलला स्पार्क प्लग काढून आणि फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, सेल्फ दहा-पंधरा सेकंद फिरवा, तेवढीच विश्रांती द्या, दिवा विझेपर्यंत.

आता चेंबर. पंप ज्यातून ऑइल ओढतो त्या जाळीच्या पाइपाची जुनी ओ-रिंग पुन्हा वापरली की तिथून हवा जाते. शंका असेल तर तात्पुरतं एक लिटर ऑइल जास्त टाका. सांधा बुडाल्यावर काटा स्थिर झाला तर दोष तिथलाच. टेस्ट थोडक्यात संपवून जास्तीचं ऑइल काढा. चेंबरच्या कडेला सिलिकॉन भसाभस लावलं असेल तर आत आलेल्या सुरळ्या तुटून जाळीत बसतात. चेंबर खालून चेपलेलं असेल तर जाळी आणि तळ यांत ६ ते १० मिमी अंतर उरलंय का, ते मळलेल्या कणकेचा गोळा जाळीवर ठेवून, चेंबर लावून-काढून मोजता येतं.

धुताना काढलेले गॅलरी प्लग सर्वांत जास्त दगा देतात, विशेषतः टायमिंग कव्हरमागचा. तिथून पळालेलं ऑइल परत चेंबरातच पडतं, बाहेर एक थेंब दिसत नाही. पिस्टनला ऑइल मारणारा जेट बसवायचा राहिला तरी तीच गत.

मग बेअरिंग. ५० मिमी जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) साधारण ०.०५ मिमी फट असते. फट दुप्पट झाली की त्यातून आठपट ऑइल निसटतं, म्हणून 'थोडी ढिली चालेल' हे इथे चालत नाही. ग्राइंडिंगहून आलेला क्रँक मायक्रोमीटरनं मोजा, शेलच्या (बेअरिंगच्या अर्ध्या वाटीच्या) पाठीवरचा अंडरसाइज आकडा, म्हणजे जर्नल किती बारीक केला तो, त्याच्याशी जुळवा, आणि कोरड्या जर्नलवर प्लास्टिगेज (चेपून फट दाखवणारा बारीक धागा) ठेवून कॅप पुऱ्या टॉर्कला कसा. क्रँक जरासुद्धा फिरवू नका. कॅप आपापल्या जागी आणि त्याच बाजूनं बसल्या पाहिजेत. भोकाचा मेन शेल ब्लॉककडे. तो खाली गेला तर गेजवर प्रेशर छान दिसतं आणि तो जर्नल मात्र उपाशी जळतो.

एवढ्यावरही सापडेना, तर खालून बघायची सोय करा. हवा भरून चालणारा नवा कोरा फवारणी पंप घ्या; शेतात वापरलेला नको, औषधाचा अंश राहतो. त्यात इंजिनाचंच ऑइल भरा, नोझल काढून नळी स्विचच्या भोकाला जोडा, चेंबर काढलेलं ठेवून सुमारे दोन किलो हवा भरा. टॉर्च घेऊन खाली झोपा. प्रत्येक बेअरिंगच्या कडेनं थेंब-थेंब पडायला हवं. धार लागली तर ती जागा ढिली. थेंबच नाही तर शेलचं भोक बंद. ऑइल टायमिंगच्या बाजूनं ओघळलं तर प्लग. क्रँक थोडा थोडा फिरवून पुन्हा बघा, कारण जर्नलचं भोक समोर आलं की धार थोडी वाढते आणि तो दोष नसतो.

दिवा विझवायला १५डब्ल्यू-४० ग्रेडच्या ऑइलऐवजी जाड ऑइल टाकू नका. आकडा वर जातो, बेअरिंगपर्यंत ऑइल उशिरा पोचतं, आणि दोष आतच राहतो.

दुरुस्तीनंतर ५०० किलोमीटरला ऑइल बदलताना फिल्टर कापून कागद पसरवा. बारीक करडी पूड चालते. चुंबकाला चिकटणारे कण किंवा तांब्याच्या रंगाच्या पापड्या असतील तर गाडी ग्राहकाला देऊ नका, चेंबर पुन्हा उतरवा.